आधी साइट की आधी गिऱ्हाईक? वेळेच्या वाटणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान ठाणे आणि नवी मुंबईत छोटा व्यवसाय चालवणाऱ्यांसाठी आहे: घरगुती फराळ, शिकवण्या, फिजिओथेरपी, इंटिरियरची कामं, वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीतलं एखादं युनिट. साइट तुम्ही स्वतः किंवा घरातल्या कोणाच्या मदतीने करताय आणि धंदा सांभाळून आठवड्याला जेमतेम आठ तास हाताशी आहेत, एवढं गृहीत धरलं आहे.

साइट पूर्ण झाली की मगच लोकांना सांगावं ना?

नाही. साइट पूर्ण अशी कधी होतच नाही. शिवाय गुगलचं घड्याळ सुरू होतं ते तुमचं पहिलं पान सगळ्यांना दिसायला लागल्यावर. नव्या डोमेनचं (म्हणजे साइटच्या नव्या नाव-पत्त्याचं) पान गुगलच्या सूचीत यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, आणि जिथे स्पर्धा आहे अशा शब्दांवर वर यायला महिने. तीन महिने साइट सजवत बसलात तर ते या हिशेबात फुकट जातात.

प्रसिद्धीतलं सर्वांत फळ देणारं काम तर साइटशिवायही होतं: गुगल बिझनेस प्रोफाइल. त्याला पैसे पडत नाहीत आणि नकाशावर नाव, वेळा, फोन, फोटो दिसू लागतात. पडताळणी हल्ली बऱ्याचदा व्हिडिओवर होते. एकाच सलग चित्रीकरणात रस्ता, पाटी, आतली जागा आणि ताबा तुमचाच असल्याची खूण (किल्लीने शटर उघडणं चालतं) दाखवावी लागते. तपासायला काही दिवस जातात, फेटाळलं तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात उरकायचं. धंदा घरून असेल आणि गिऱ्हाईक घरी येत नसेल, तर पत्ता लपवून सेवाक्षेत्र द्या. 20 पर्यंत ठिकाणं देता येतात. नाव मात्र पाटीवर आहे तेच. त्यात ‘ठाण्यातील सर्वोत्तम’ वगैरे घुसडलं तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं, आणि ते परत मिळवण्यात पुढचे कितीतरी तास जातात.

पहिल्या दिवशी किमान काय हवं?

पाच पानं पुरतात: मुखपृष्ठ, सेवा किंवा माल, दर, पत्ता-संपर्क आणि तुमच्याविषयी. यातलं दरांचं पान लोक टाळतात आणि तिथेच फसतात. अचूक दर सांगता येत नसेल तर ‘इथपासून’ असा आकडा द्या आणि तो कशामुळे वाढतो ते दोन ओळींत लिहा. दरच दिसला नाही की माणूस मागे जातो आणि पुढची साइट उघडतो.

पत्त्याच्या पानावर इथली एक खास अडचण आहे. नवी मुंबईत सेक्टरचे आकडे प्रत्येक उपनगरात नव्याने सुरू होतात. सेक्टर 10 वाशीतही आहे, नेरुळातही आणि खारघरातही. त्यामुळे उपनगराचं नाव, सेक्टर, प्लॉट क्रमांक आणि पिनकोड चारही हवेत. ठाण्यात स्टेशनची पूर्व की पश्चिम हे लिहा. ‘घोडबंदर रोड’ हा काही पत्ता झाला नाही. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ की कासारवडवली, ते सांगा. पत्ता अक्षरांत टाइप केलेला असावा, फोटोत नको. आणि साइटवर, प्रोफाइलवर, इतर कुठल्या यादीत असेल तिथे तो एकसारखाच लिहिलेला हवा.

फोन नंबरवर बोट टेकताच कॉल लागला पाहिजे. व्हॉट्सअॅपची लिंक करताना नंबराआधी 91 लावा, पण अधिकचं चिन्ह, सुरुवातीचं शून्य आणि मधल्या रेघा नकोत. त्या राहिल्या की लिंक नीट उघडत नाही.

सरकती चित्रं, भेट देणाऱ्यांची संख्या मोजणारी पट्टी, पान उघडताच अंगावर येणारी चौकट: यातलं काहीही नको.

आठ तास नेमके कसे वाटायचे?

वाटणी कायम एकच ठेवू नका, टप्प्यानुसार बदला.

पहिले तीन आठवडे साइटला सहा तास, प्रसिद्धीला दोन. त्या दोन तासांत प्रोफाइलची पडताळणी, दहा-पंधरा चांगले फोटो आणि जुन्या गिऱ्हाइकांची नाव-नंबरांची यादी. शेवटची यादी बहुतेकांकडे फोनमध्ये विखुरलेली असते. ती एका वहीत किंवा शीटमध्ये आणायला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोगी तीच पडते.

चौथ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत उलटं करा: साइटला तीन, प्रसिद्धीला पाच. साइटच्या तीन तासांत दर आठवड्याला एक उपयुक्त पान. विषय शोधत बसायची गरज नाही, फोनवर लोक जे विचारतात तेच लिहायचं. ‘एक किलो चकलीत किती नग बसतात?’, ‘दहावीची बॅच कधी सुरू होते आणि मध्येच प्रवेश मिळतो का?’, ‘वन बीएचकेचं किचन किती दिवसांत होतं?’ असं पान दोन्ही खात्यांत जमा होतं. साइट भरते आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायला काहीतरी खरं मिळतं. प्रसिद्धीच्या पाच तासांपैकी साधारण दोन जुन्या गिऱ्हाइकांशी संपर्क आणि रिव्ह्यूसाठी, दोन फोटो-पोस्टसाठी, आणि एक प्रत्यक्ष भेटीगाठींसाठी. सोसायटीचे सेक्रेटरी, शेजारचे दुकानदार, तुमच्या धंद्याला पूरक धंदा करणारे. टाइल्सवाला आणि इंटिरियरवाला एकमेकांना गिऱ्हाईक देतात. त्यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

बाराव्या आठवड्यानंतर साइटला दोन, प्रसिद्धीला पाच, आणि एक तास आकडे बघायला. हा शेवटचा तास सगळ्यांत आधी गळतो. तो महिन्यातून एकदाच पण सलग चार तास घेतलात तरी चालेल.

दोन्ही कामं एकाच बैठकीत करू नका. ‘फक्त बटणाचा रंग बदलतो’ म्हणून बसलेला माणूस रात्री बारापर्यंत उठत नाही. साइटच्या कामाला आपणहून शेवट नसतो, म्हणून आठवड्यात आधी प्रसिद्धीचे तास घाला आणि उरलेले साइटला द्या.

प्रसिद्धीचं काम सारखं टळतं. काय करावं?

टळणारच. बटणाचा रंग तुम्हाला नकार देत नाही, माणूस देऊ शकतो. उपाय रूक्ष आहे: साइटमधल्या बदलांची एक यादी ठेवा आणि सुचलेला प्रत्येक बदल आधी तिथे टाका. हातात घ्यायचा तो फक्त दोन कारणांनी: निदान दोन गिऱ्हाइकांनी तीच अडचण सांगितली, किंवा आकड्यांत ती दिसली. महिनाभराने यादी पाहा. निम्म्याहून अधिक गोष्टी खोडून टाकाव्याशा वाटतील.

लोक साइटवर येतात की नाही, हे कळणार कसं?

गुगल सर्च कन्सोल, म्हणजे तुमची साइट गुगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन. फुकट आहे आणि पहिल्याच दिवशी जोडावं, कारण जोडण्याआधीच्या काळाची माहिती मिळेलच असं नाही. डोमेनची मालकी सिद्ध करायला तुमच्या डोमेन विकणाऱ्याच्या खात्यात डीएनएसमध्ये (डोमेनच्या तांत्रिक नोंदींच्या यादीत) एक टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, नोंद घालायची असते. ती पसरायला काही मिनिटं ते एक-दोन दिवस लागतात. मग साइटमॅपचा, म्हणजे साइटवरच्या पानांच्या यादीचा, पत्ता द्यायचा. साइट वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर असेल तर 5.5 पासून, म्हणजे ऑगस्ट 2020 पासून, साइटमॅप आपोआप तयार होतो, त्यासाठी वेगळं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) लागत नाही.

सर्च कन्सोलमध्ये चार आकडे दिसतात: शोधात किती वेळा दिसलात, किती टिचक्या पडल्या, त्यांची टक्केवारी आणि शोधातला सरासरी क्रमांक. माहिती 16 महिन्यांपर्यंत साठते. रोज उघडून बघण्यात अर्थ नाही. आकडे एक-दोन दिवस मागे असतात आणि छोट्या साइटचे रोजचे चढउतार काहीच सांगत नाहीत. जोडीला काउंटरवर एक साधी वही ठेवा. प्रत्येक नव्या फोनला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ विचारायचं आणि लिहून ठेवायचं. ही वही सर्च कन्सोलपेक्षा जास्त बोलकी निघते.

आता वेळ साइटला द्यावा की प्रसिद्धीला, हे आकड्यांवरून ठरतं का?

ठरतं, आणि तेवढ्यासाठीच ते बघायचे. गिऱ्हाईक नेमकं कुठल्या पायरीवर गळतंय ते शोधा.

साइट गुगलवर दिसतच नाही, आकडे शून्य: हा बांधणीतला दोष आहे, प्रसिद्धीने जाणार नाही. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जखाली ‘रीडिंग’मध्ये शोधयंत्रांना साइट सूचीत घेऊ नका असं सांगणारी एक चौकट असते. साइट बनत असताना ती टिचकी मारून ठेवतात आणि काढायला विसरतात. आधी तेच बघा. मग सर्च कन्सोलमध्ये पानाचा पत्ता तपासून सूचीत घेण्याची विनंती करा.

दिसते, पण टिचक्या नाहीत: सरासरी क्रमांक 30-40 असेल तर पान अजून खूप मागे आहे, त्याला वेळ, चांगला मजकूर आणि इतर साइटवरून येणारे दुवे लागतात. पण क्रमांक पहिल्या दहात असूनही कोणी येत नसेल तर शीर्षक तपासा. ‘मुखपृष्ठ’ किंवा नुसतं दुकानाचं नाव हे शीर्षक नव्हे. ‘उकडीचे मोदक, नौपाडा, ठाणे: दर आणि ऑर्डर’ हे शीर्षक. अर्ध्या तासाचं काम आहे आणि फरक काही आठवड्यांत दिसतो.

लोक येतात, पण फोन करत नाहीत: इथे सगळे तास साइटला द्या आणि प्रसिद्धी थांबवा. पान मोबाइलवर उघडून बघा. दर दिसतो का? फोनचं बटण न सरकवता दिसतं का? कुठल्या भागात सेवा देता ते लिहिलंय का? डोंबिवलीचा माणूस येऊन जात असेल आणि तुम्ही कळव्याच्या पुढे जात नसाल, तर आकडा मोठा असून उपयोग नाही.

फोन येतात, पण काम मिळत नाही: यात साइटचाही दोष नाही आणि प्रसिद्धीचाही. दर, फोनवर मिळणारं उत्तर किंवा उत्तर द्यायला लागणारा वेळ, यातलं काहीतरी बिघडलंय. लोक हे मान्य करायला तयार नसतात आणि पुन्हा नवीन साइट करायला घेतात.

साइट हळू उघडते. वेगावर किती वेळ घालवावा?

एकदाच अर्धा दिवस. दहातल्या आठ वेळा कारण फोटो असतात. मोबाइलवर काढलेला फोटो तीन ते पाच एमबीचा असतो. रुंदी 1200 पिक्सेलपर्यंत आणून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात साठवला तर तो सहज 200 केबीच्या आत येतो. मग न वापरलेली प्लगइनं काढा. गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये तपासा: मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावरचा प्रतिसाद 200 मिलिसेकंदांच्या आत मिळावा आणि मजकूर उघडताना हलू नये. एवढं झालं की थांबा. शंभरपैकी शंभर गुण मिळवण्यासाठी घालवलेल्या रविवारचे पैसे कोणी देत नाही. चाचणी मात्र घरच्या वायफायवर नको, मोबाइल डेटावर करा.

मजकूर मराठीत ठेवावा की इंग्रजीत?

गिऱ्हाईक कोण त्यावर. फराळ, पौरोहित्य, मराठी माध्यमाच्या शिकवण्या, आजी-आजोबांसाठी घरपोच फिजिओथेरपी: मराठी आधी. महापे-रबाळ्याच्या युनिटचा माल दुसऱ्या कंपनीचा खरेदी विभाग घेतो, तिथे इंग्रजी आधी. दोन्ही हवं असेल तर प्रत्येक भाषेला पानाचा वेगळा पत्ता द्या. एकाच पानात अर्धं हे अर्धं ते नको.

मराठीत एक खड्डा आहे. प्रेसवाल्याने तुमचं पत्रक श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये केलेलं असेल तर त्यातला मजकूर उचलून साइटवर चिकटवताच निरर्थक अक्षरं दिसतात. कारण ती खरी देवनागरी नसते, इंग्रजी अक्षरांवर चढवलेले आकार असतात. मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे दिसणाऱ्या खऱ्या देवनागरीत) रूपांतरित करा किंवा सरळ पुन्हा टाइप करा, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी तपासा. पत्रकाचं चित्रच पानावर लावून मोकळं होणं हा त्याहून वाईट मार्ग, कारण शोधात त्यातल्या मजकुराचा भरवसा धरता येत नाही. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडं जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींत अडकतात.

बरेच जण मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करून शोधतात. त्यासाठी पानभर रोमन मराठी लिहू नका. सर्च कन्सोलमध्ये लोकांनी काय टाइप केलं ते दिसतंच. तसे शोध जास्त आले तर इंग्रजी पान करा.

इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपवर चालतंय की. तिथेच वेळ द्यावा का?

द्या, पण लिंक नेहमी साइटवरच्या नेमक्या पानाची द्या, मुखपृष्ठाची नको. पोस्ट दोन दिवसांत खाली जाते, पान राहतं.

व्हॉट्सअॅप बिझनेसच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात आणि संदेश फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर साठवलेला आहे. ‘पाठवलं, पण कोणाला मिळालंच नाही’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथे असतं. बिल देताना नंबर साठवायला सांगा, संदेश पाठवू का तेही तेव्हाच विचारून घ्या. सोसायट्यांच्या ग्रुपवर अॅडमिनची परवानगी घेऊन महिन्यातून एकदा. रोज टाकलंत तर तुमच्या नावाची मुद्दाम आठवण ठेवली जाते, आणि ती चांगली नसते.

पत्रकं आणि क्यूआर कोड चालतात का?

चालतात, विशेषतः सोसायटीच्या नोटीस बोर्डावर. हातात धरायच्या कागदावर क्यूआर निदान दोन सेंटिमीटरचा हवा. लांबून स्कॅन व्हायचा असेल तर अंतराच्या एक दशांश. कोड थेट तुमच्या पानाच्या पत्त्याचा बनवा. काही फुकट सेवा मधला पत्ता वापरतात आणि मुदत संपली की छापलेले हजार कागद रद्दी होतात. खांबांवर आणि नाक्यांवर परवानगीशिवाय फलक लावू नका. 1995 च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे.

गुगलवर पैसे देऊन जाहिरात कधी करावी?

पान फुकट आलेल्या माणसाला फोन करायला लावू शकतं, हे सिद्ध झाल्यावर. त्याआधी केली तर गळक्या पिंपात पाणी. जाहिरात केल्याने साध्या शोधातला क्रमांक वाढत नाही, आणि बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो.

ठिकाण ठरवताना नकाशावर गोल काढायचा मोह आवरा. मानपाड्याभोवती पंधरा किलोमीटरचा गोल काढला तर येऊरच्या डोंगरापलीकडची बोरिवली त्यात येते. रस्त्याने मात्र घोडबंदरचा अख्खा वळसा. खाडीपलीकडचं ऐरोलीही तसंच. भागांची नावं निवडा आणि नको ते वगळा. सेटिंगमध्ये सुरुवातीला ‘त्या ठिकाणी असलेले किंवा त्यात रस असलेले’ असा पर्याय निवडलेला असतो. तो बदलून ‘तिथे असलेले’ करा, नाहीतर ठाण्याबद्दल काहीतरी शोधणाऱ्या नागपूरच्या माणसाचे पैसे तुम्ही भरता.

सणांच्या मोसमात वाटणी बदलायची का?

हो, आणि मोसमाच्या बऱ्याच आधी. मोसमी पान निदान दोन महिने आधी वर असावं. ऐन वेळी टाकलेलं पान सूचीत येईपर्यंत सण आटोपतो. वॉटरप्रूफिंगचं पान मार्चमध्ये, शिकवण्यांचं फेब्रुवारीत. सणांना मागच्या वर्षीची तारीख धरून चालू नका: 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने ती 14 सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. म्हणजे मोदकांचं पान जुलैच्या मध्यापर्यंत आणि फराळाचं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

पानाच्या पत्त्यात साल घालू नका. सण संपल्यावर पान काढू नका. ‘पुढच्या वर्षीच्या ऑर्डर जुलैपासून’ एवढं लिहून ठेवा आणि तेच पान दरवर्षी नवं करा. ऐन गर्दीच्या तीन आठवड्यांत साइटला हातच लावायचा नाही. तेव्हा काही मोडलं तर दुरुस्तीला कोणाकडेच वेळ नसतो.

रिव्ह्यूच्या बदल्यात सूट दिली तर?

गुगलच्या नियमांत ते बसत नाही, रिव्ह्यू काढले जाऊ शकतात. काम झाल्यावर त्याच दिवशी लिंक पाठवा, एकदाच. वाईट रिव्ह्यूला दोन-तीन ओळींत शांतपणे उत्तर द्या. ते उत्तर पुढचं गिऱ्हाईक वाचतं.

एजन्सी पहिल्या क्रमांकाची हमी देते. सगळंच तिच्याकडे सोपवावं का?

अशी हमी कोणीच देऊ शकत नाही. काम सोपवायला हरकत नाही, पण डोमेन, प्रोफाइल आणि सर्च कन्सोल तुमच्याच ईमेलवर असू द्या. त्यांना व्यवस्थापक म्हणून जोडा. दर महिन्याला नवीन काय लिहिलं आणि किती फोन आले, एवढंच विचारा.

दोन महिने काहीच जमणार नसेल तर निदान काय चालू ठेवावं?

महिन्याला एक तास. प्रोफाइलवर सुट्ट्यांच्या वेळा बदलणं, आलेल्या रिव्ह्यूंना उत्तरं, वर्डप्रेस आणि प्लगइनं अद्ययावत करणं, आणि त्याआधी बॅकअप. डोमेनचं स्वयंनूतनीकरण चालू आहे आणि त्याला जोडलेल्या कार्डाची मुदत संपलेली नाही, हे बघून ठेवा. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सुरक्षा प्रमाणपत्र 90 दिवसांचं असतं आणि बहुतेक होस्टिंगवर आपोआप नवं होतं. एखाद्या वेळी झालं नाही तर साइट उघडताच ब्राउझर लाल इशारा दाखवतो. म्हणून महिन्यातून एकदा दुसऱ्याच कोणाच्या फोनवरून साइट उघडून बघा आणि संपर्काच्या पानावरून स्वतःलाच एक चौकशी पाठवा. ती ईमेलमध्ये आली नाही तर स्पॅमचा कप्पा तपासा. गिऱ्हाइकांच्या चौकश्याही तिथेच पडलेल्या सापडतील.